घरी ड्रोन बनवून उडवायला शिकायला किती दिवस लागतात? १५ हजारांत होईल का?

पैशांचं आधी सांगतो. होईल, कॅमेऱ्याचा हट्ट सोडलात तर. रिमोट आणि चार्जर धरून माझे त्याच्या आसपासच गेले. दिवसांचं म्हणाल तर जोडायला सहा संध्याकाळी लागल्या आणि उडवायला शिकायला अडीच महिने. बहुतेकांच्या डोक्यात आधी पार्टची लांबलचक यादी असते आणि उडवण्याचा विचार नंतर. माझंही सुरुवातीला असंच होतं.

वाळवा तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यामुळे मोटरीची भीती नव्हती, उलट थोडी गुर्मीच होती. एफ४५० फ्रेम (चार हातांचा सांगाडा), ए२२१२ च्या चार मोटरी, ३० अँपिअरचे चार ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारं सर्किट), १० इंची पंखे, तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि यंत्राचा तोल सांभाळणारा केके२ बोर्ड, एवढंच सामान. मोटरीवर १००० केव्ही लिहिलेलं असतं, ते किलोव्होल्ट नव्हे हं! बिनलोड मोटर एका व्होल्टला मिनिटाला १००० फेरे मारते, एवढाच त्याचा अर्थ.

तिरप्या कोपऱ्यांतल्या दोन मोटरी एका दिशेला फिरतात आणि उरलेल्या दोन उलट दिशेला. नाहीतर यंत्र स्वतःभोवतीच गरगरत राहील. विहिरीवरची थ्री-फेज मोटर उलटी फिरली की आपण दोन फेज बदलतो ना, इथंही तेच. ईएससीकडून मोटरीला जाणाऱ्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या. हे मला आयतंच येत होतं, म्हणून दिशा बरोबर लावली आणि पंख्यांत फसलो. पंखेही दोन जातींचे असतात, एक सुलट फिरणाऱ्या मोटरीचे आणि एक उलट फिरणाऱ्या. माझे एका बाजूचे दोन पंखे हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलत होते. थ्रॉटल (मोटरीचा वेग वाढवणारी दांडी) निम्म्यावर जाताच दुसरी बाजू उचलली आणि यंत्र उताणं. तेव्हा पंख्यांची चार जोडी आधीच घेऊन ठेवा. आणि टेबलावर चाचणी घेताना पंखे काढूनच ठेवा. माझ्या तर्जनीला तीन टाके पडले, तेव्हा मी ‘नुसतं बघतोय’ असंच म्हणत होतो.

आता उडवणं. रिमोटची डावी दांडी वर-खाली आणि स्वतःभोवती वळण्यासाठी, उजवी दांडी पुढं-मागं आणि डावं-उजवं करण्यासाठी. नवखा माणूस घाबरून यंत्र वीतभर उंचीवरच धरून ठेवतो, आणि तिथंच ते सगळ्यात जास्त डुचमळतं, कारण जमिनीवर आपटून परत आलेली स्वतःचीच हवा त्याला ढकलत असते. धीर करून छातीएवढं वर न्या, एकदम शांत होतं. उतरवताना सरळ खाली झपकन आणू नका. खाली ढकललेल्या आपल्याच हवेत शिरलं की लडबडतं. किंचित पुढं सरकत उतरवा.

शेपूट, म्हणजे यंत्राची मागची बाजू, तुमच्याकडे असेपर्यंत सगळं सोपं. तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मेंदू गोते खातो. ट्रॅक्टरला ट्रॉली लावून मागं घेतलीय कधी? ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे. हे ऐकून समजतं, पण ऐन वेळी हात ऐकत नाहीत. मी एका संध्याकाळी असाच उजवीकडे दाबत राहिलो आणि यंत्र बांधावरून शेजाऱ्याच्या उसात गेलं. ऊस डोक्याच्या वर, त्यात अंधार पडलेला. तीस-चाळीस रुपयांचा बॅटरीचा बझर लावलेला होता. सेलचं व्होल्टेज उतरलं तसा तो किंचाळायला लागला आणि त्या आवाजावर मी सरी-सरीतून शोधत गेलो. एक आर्म मोडला होता, बाकी शाबूत. शेजारी दुसऱ्या दिवशी विचारत होता, रात्री उसात काय ओरडत होतं म्हणून.

म्हणून माझं म्हणणं, रिमोट सगळ्यात आधी विकत घ्या. केबलनं कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर (पडद्यावरच ड्रोन उडवायचा सराव) रोज अर्धा तास, आणि त्यातला निम्मा वेळ फक्त तोंड स्वतःकडे ठेवून. पार्ट नंतर मागवा. मी हे उलट्या क्रमानं केलं, त्याची किंमत पंख्यांत मोजली. खरं उडवणं सकाळी वारा सुटायच्या आत.

लिपोशी मात्र शहाणपणा नको. पूर्ण भरल्यावर सेलला ४.२ व्होल्ट, उडताना ३.५ वर आला की यंत्र खाली उतरवायचं, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवायचं. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. या बॅटरीवर सात-आठ मिनिटं मिळतात, जास्तीची आशा धरू नका.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात येतो, आपला किलो-सव्वा किलोचा त्यातच. धंद्यासाठी उडवत नसाल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा उघडून आपलं रान हिरव्या पट्ट्यात, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात, आहे ना, हे बघाच. तिथंही मर्यादा ४०० फुटांची आहे. शिकताना तुम्ही ४० च्याही वर जाणार नाही म्हणा.