दाताची कीड काढून झाल्यावर तळाशी उरलेले डेंटिन (दाताच्या बाहेरच्या इनॅमल कवचाखालचा थर) किती कठीण असते आणि त्यात खनिज किती उरते?

कीड काढताना तुम्ही नेमके कुठे थांबलात, हे ठरल्याशिवाय याला एक आकडा देता येत नाही. निरोगी डेंटिनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज असते आणि त्याचे नूप काठिण्य (हिऱ्याच्या टोकाने उमटलेल्या ठशाच्या लांबीवरून मोजलेला कठीणपणा; ठसा जितका लांब तितका पदार्थ मऊ) साधारण ५० ते ७० भरते. जंतूंचा मऊ थर खरवडून काढल्यावर खाली जे चामड्यासारखे चिवट डेंटिन लागते, ते बहुधा २० ते ४० च्या दरम्यान असते.

पदव्युत्तर शिक्षण घेताना आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सरांचा दंडक असा होता की, कीड ओळखण्याचा लाल रंग लावावा आणि तो लागायचा थांबेपर्यंत बर (दात कोरण्याचे फिरते टोक) चालवत राहावे. जपानी दंतसंशोधक फुसायामा यांनी १९७० च्या दशकात, जंतुमय बाहेरचा थर आणि केवळ खनिज गमावलेला आतला थर वेगळे ओळखता यावेत म्हणून हा रंग पुढे आणला, आणि ती कल्पना मोलाचीच होती. परंतु हा रंग जंतूंना लागत नाही, तो खनिज कमी असलेल्या कोलॅजन या प्रथिनाच्या जाळ्यात मुरतो. हे दाखवण्यासाठी मी किडीचा लवलेश नसलेली, काढून टाकलेली अक्कलदाढ उभी कापली, ओल्या कापावर तोच रंग सोडला आणि धुतला. पल्पच्या, म्हणजे दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या मऊ गाभ्याच्या, कडेने आणि इनॅमल डेंटिनला जिथे मिळते त्या रेषेवर गुलाबी पट्टे तसेच राहिले. मग त्याच कापावर काठिण्यमापक यंत्राचे हिऱ्याचे टोक दाबत आतल्या बाजूला गेले, तेव्हा पल्पजवळ उमटलेले ठसे अधिकाधिक लांब होत गेले, कारण तिथे डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका दाट आणि रुंद असल्यामुळे निरोगी डेंटिनही मऊच असते. सरांनी कापाकडे पाहिले आणि परीक्षेत मात्र पुस्तकातलेच लिहावे, असे सांगितले.

माझे मत आजही तेच आहे: खोल किडीत तळाशी रंग जाईपर्यंत खोदणे म्हणजे जिवंत पल्प विनाकारण उघडा पाडणे होय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमतानेही खोल किडीत पल्पवरचे मऊ डेंटिन राहू द्यावे आणि कडा मात्र कठीण डेंटिन लागेपर्यंत स्वच्छ कराव्यात, असेच सुचवले आहे. त्यावर भरलेले सिमेंट घट्ट बसले, तर तळाचा तो भाग काही महिन्यांनी अधिक कोरडा, गडद आणि कठीण झालेला आढळतो.

खनिज आणि काठिण्य नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हेही सांगायला हवे. किडीखालच्या पारदर्शक पट्ट्यात नलिका खनिजाने बुजलेल्या असतात, तरीही तो निरोगी डेंटिनपेक्षा मऊ भरतो, कारण नलिकांमधल्या भागातले खनिज गेलेले असते. अशा डेंटिनला चिकटणारे सिमेंटही तुलनेने कमी धरते, म्हणून निरोगी कडा राखणे अत्यावश्यक आहे. वरचे सारे पल्प जिवंत असलेल्या दातालाच लागू आहे. रात्री आपोआप ठणकणाऱ्या दाताचा विचार वेगळा करावा लागतो. आणि शोधनिबंधांतले आकडे पडताळताना नमुना ओला होता की वाळलेला, हे आधी पाहा, कारण वाळलेले डेंटिन ओल्यापेक्षा कठीण भरते.