वाळवंटातल्या बर्फावर खेळणाऱ्या मुलीला

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. जन्म अबुधाबीचा, शाळा अबुधाबीची, स्केट्स पहिल्यांदा पायात घातलेस तेही झायेद स्पोर्ट्स सिटीच्या रिंकवर. मग यूएईच्या आईस हॉकी संघात मला का घेत नाहीत, असं विचारलंयस. कोच म्हणतात पासपोर्ट, आई म्हणते दहावी, आणि तू दोघांवरही धुसफुसतेयस. आधी पासपोर्टचं उरकून टाकू, ते दोन ओळींचं काम आहे.

आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाचा नियम असा की ज्या देशाची जर्सी घालायची, त्या देशाचं नागरिकत्व हवं. इथे जन्मलं म्हणून ते मिळत नाही, हे घरातल्या सगळ्यांचे व्हिसे रिन्यू होताना तू बघत आली आहेस. यूएईच्या पुरुष संघात अलीकडे बाहेरून आलेले खेळाडू दिसतात, मग त्यांचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. त्यांना सरकारने नागरिकत्व दिलंय, आणि नुसतं तेवढ्यानेही भागत नाही. नव्या देशातल्या स्पर्धांमध्ये किमान दोन हंगाम खेळावं लागतं. तुझा स्लॅपशॉट कितीही कडक असला तरी हा निकाल त्याच्यावर लागत नाही. यावर रुसायचं असेल तर एक संध्याकाळ रुस आणि मोकळी हो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. मी खेळाडू नाही. माझी उमर रिंक गार ठेवणारे चिलर, पंप आणि पाइपांत गेली. पण रिंकच्या मागच्या बाजूने हा खेळ बराच बघितला, आणि तिथून जे दिसतं ते बेंचवरून दिसत नाही.

बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना तुझ्या पायाखाली काय चाललेलं असतं, कधी विचार केलायस? बर्फाचा थर जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. त्याखाली काँक्रीट, काँक्रीटमध्ये पाइपांचं जाळं, आणि त्या पाइपांतून शून्याखाली आठ-दहा डिग्रीचं ग्लायकॉल, म्हणजे न गोठणारं द्रव, रात्रंदिवस फिरत असतं. हॉकीला वरचा पृष्ठभाग उणे पाचच्या आसपास लागतो. फिगर स्केटिंगवाल्यांना तो थोडा मऊ हवा असतो, म्हणून वेळापत्रकावरून त्यांची आणि तुमची कायमची कुरबुर. पण आखातात उष्णतेपेक्षा जास्त छळते ती दमट हवा. ऑगस्टमध्ये कोणी मोठं दार पाच मिनिटं उघडं ठेवलं की रिंकवर धुकं उतरतं, बर्फावर दवाचा खरखरीत थर गोठतो आणि पक, म्हणजे तुमची ती रबरी चकती, रखडायला लागतो. मग हवेतला ओलावा ओढणारे डीह्युमिडिफायर ओरडतात, आणि त्यांच्यामागून आम्ही. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या त्या झांबोनी गाडीतून गरम पाणी का सोडतात, असं तू लहानपणी विचारलं होतंस. गरम पाण्याने वरचा खरवडलेला थर किंचित वितळतो आणि नवं पाणी जुन्या बर्फाला घट्ट धरतं. त्यात हवाही कमी असते, म्हणून बर्फ टणक होतो.

हे सगळं सांगायचं कारण, या देशात बर्फावरचा प्रत्येक तास कोणीतरी वीज जाळून तयार करतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो. वाढदिवसाच्या पार्ट्या, हौशी लोक, लहान मुलांचे वर्ग, लीगच्या मॅचेस. संघांच्या वाट्याला बहुतेक वेळा उशिराची रात्र येते. तरीही तो तास बाराही महिने मिळतो. इथल्या संघाची सगळी मिरास तीच.

यूएई महासंघात आली 2001 साली. 2009 मध्ये अबुधाबीत चॅलेंज कप ऑफ एशिया झाला आणि तो यजमानांनीच जिंकला. त्याच स्पर्धेत आपला भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बर्फावर उतरला होता आणि हात हलवत परत गेला. आपली पोरं मुख्यतः लडाखची, थंडीत वाढलेली, छातीत दम भरपूर. पण त्यांचं रिंक म्हणजे गोठलेलं तळं. डिसेंबरच्या अखेरीस गोठणार, फेब्रुवारीत सुटणार. हिमालयवाले दोन महिने खेळणारे, वाळूवाले बारा महिने. (लडाखही वाळवंटच, थंड वाळवंट, हे भूगोलाच्या पेपरात लिही.) कोणाला कप मिळाला याचं मला तेव्हाही नवल वाटलं नव्हतं.

पण इथल्यांनाही पुढे सगळं सोपं गेलं असं समजू नकोस. 2010 मध्ये हाच संघ लक्झेंबर्गला जागतिक स्पर्धेच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला, म्हणजे अगदी तळाच्या पायरीवर. घरच्या बर्फावरचा कप तिथे कामाला आला नाही.

आता तुझ्याबद्दल. तुझा पासपोर्ट भारताचा आहे, त्यामुळे तुझा संघ भारताचा महिला संघ. तो तुला पर्याय क्रमांक दोन वाटतोय, हे तुझ्या मेसेजमधून दिसलं आणि मला खटकलं. त्या मुली 2016 मध्ये तैपेईला पहिल्यांदा देशाकडून खेळल्या, तेही लोकांकडून वर्गणी गोळा करून. 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 असं हरवून पहिली मॅच जिंकल्या. आणि 2025 च्या आशिया कपमध्ये कांस्यपदक घेतलं ते कुठे? अल ऐनला. तुझ्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर. लडाख आणि स्पितीच्या मुली तुझ्या वाळवंटात येऊन पदक घेऊन गेल्या आणि तू अजून जर्सीच्या रंगावर अडली आहेस.

त्यांच्या निवडीचा रस्ता भारतातूनच जातो. राष्ट्रीय स्पर्धा, शिबिरं, खेलो इंडियाचे हिवाळी खेळ, यातलं बरंचसं लेहला आणि ऐन थंडीत. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला आजीकडे न जाता लेहला जा. आजीची समजूत मी काढतो. पण तिथे 'मी अबुधाबीची' असा तोरा घेऊन उतरू नकोस. तुझं स्केटिंग त्यांच्यापेक्षा सफाईदार असेल, तुला तेवढे तास मिळालेत. पण लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. इथे पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, मारून तू हसत बेंचवर येतेस, तिथे वीस सेकंदांत डोळ्यांपुढे काजवे चमकतील. पहिले काही दिवस नुसतं चालायचं, पाणी प्यायचं, झोपायचं. लगेच बर्फावर उडी मारलीस तर शिबिर अंथरुणात जाईल.

पात्यांचंही बघ. इथला बर्फ त्यामानाने मऊ, म्हणून तुझ्या स्केट्सना उथळ धार दिलेली असते. उघड्यावरचा लडाखी बर्फ रात्रीत दगड होतो, त्यावर उथळ धारेचं पातं वळणावर सटकतं. थोडी खोल धार लावून घे. आणि तिथे वाऱ्याने बर्फावर धूळ येते, धार बघता बघता मरते, तेव्हा धार लावायचा एक हातातला दगड बॅगेत ठेव. उलट इथे असताना किट बॅग गाडीच्या डिकीत ठेवायची सवय मोड. उन्हाळ्यात डिकीत बुटांचे जोड सुटतात, आणि वासाबद्दल तर मी बोलत नाही, तुझे बाबा बोलतील.

खेळाबाबत एकच सांगतो, कारण बाकीचं कोच सांगतातच. तू शिफ्ट लांबवतेस. गोल दिसला की दीड मिनिट बर्फावर राहतेस आणि मग परत येताना पाय ओढतेस, त्याच वेळी समोरचे गोल मारतात. क्लबच्या मॅचमध्ये खपून जातं. शिबिरात निवड करणारे गोल मोजायच्या आधी हेच बघतात की दमल्यावर ही पोरगी बेंचकडे वळते की नाही.

इथल्या अमिराती मुलींशी सराव सोडू नकोस. 'त्या माझ्या जागेवर खेळतात' हे डोक्यातून काढ. फातिमा अल अलीचं नाव तुला माहीत आहे. ती आधी संघाचे फोटो काढायची, मग स्वतः बर्फावर उतरली. वॉशिंग्टन कॅपिटल्स या अमेरिकन संघाचे जुने खेळाडू पीटर बोंड्रा अबुधाबीत आले असताना तिची स्टिक चालवण्याची सफाई बघून त्यांनी व्हिडिओ काढला, तो जगभर फिरला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या मॅचआधी मानाचा पक तिने टाकला. लोक तो पक लक्षात ठेवतात. मला त्या व्हिडिओतले हात आठवतात. कॅमेरा नसताना त्या हातांनी किती रात्री काढल्या असतील, ते रिंकवर रात्रपाळी करणाऱ्याला चांगलं कळतं. अशा मुलींच्या शेजारी सराव करायला मिळतोय, अजून काय हवं?

राहता राहिली दहावी. त्यात मी तुझ्या आईच्या बाजूने आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि लेहचा हंगामही तेव्हाच सरत असतो. म्हणून यंदा नाही, पुढच्या वर्षी. अकरावीत डिसेंबर मोकळा मिळेल. तोवर आठवड्याचे दोन सराव चालू ठेव, तिसरा सोड. ते रात्री साडेदहाचं सत्र तसंही तुझ्या गणिताच्या मुळावर उठलंय.

लेहचं विमान, राहणं, नवे स्केट्स, असा सगळा खर्च एका कागदावर मांडून ठेव, स्वतः, बाबांना न विचारता. रविवारी जेवायला येतोय, तेव्हा आई-बाबांसमोर तो कागद तूच वाचायचास. मी फक्त शेजारी बसेन. आणि आईला म्हणावं, पुरणपोळीचा घाट नको, पिठलं-भात चालेल.

तुझा,
काका