कुरळे केस कॅमेऱ्यासमोर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे केस जन्मापासून दाट आणि कुरळे आहेत. दोन आठवड्यांनी माझे फोटोशूट आहे. काही छायाचित्रे स्टुडिओत, तर काही उघड्यावर काढायची आहेत. आजवरच्या बहुतेक छायाचित्रांत माझे केस माथ्यावर चप्प बसलेले आणि खाली पिंजारलेले दिसतात. मैत्रिणी म्हणतात, त्या दिवसापुरते सरळ करून घे. तसे करावे का? नाही तर तयारी कशी करावी?

उत्तर : सरळ करून घेऊ नका. स्ट्रेटनरच्या उष्णतेने केसांतील प्रथिनांचे हायड्रोजन बंध सुटतात आणि केस ताणलेल्या स्थितीत थंड झाले की नव्या जागी जुळतात, एवढ्यामुळेच केस सरळ दिसतात. हे बंध पाण्याने पुन्हा सुटतात आणि त्यासाठी दमट हवा किंवा कपाळावरचा घामही पुरतो. त्यामुळे उघड्यावर गेल्यावर तुमचे केस मुळांशी वळू लागतील, टोकांशी सरळ राहतील आणि शेवटच्या छायाचित्रांत ते धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत असे दिसतील. शिवाय जास्त उष्णतेने बटांचा मूळ पीळ बिघडला, तर तो केस वाढून कापला जाईपर्यंत परत येत नाही. एका दिवसासाठी ही किंमत मोजू नये, असे मला मनापासून वाटते. छायाचित्रात तुम्ही तुमच्यासारख्या दिसायला हव्यात, आणि तुमचे केस कुरळे आहेत.

केस कापायचे असतील तर ते याच आठवड्यात कापून घ्या. कुरळे केस वाळताना आखडतात, ओले असताना खांद्याला टेकणारी बट वाळल्यावर हनुवटीशी येते, म्हणून शक्यतो कोरड्या केसांचा आकार पाहून कापणाऱ्या व्यक्तीकडेच जा. त्यानंतर शूटच्या साधारण आठवडाभर आधी रंगीत तालीम करा. त्या दिवशी जे लावणार तेच, त्याच क्रमाने लावा आणि केस वाळल्यावर, तासाभराने आणि तीन-चार तासांनी समोरून व दोन्ही बाजूंनी मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवा. आरशात आपण बहुधा समोरूनच पाहतो. बाजूने पिंजारलेले केस कॅमेऱ्यालाच आधी दिसतात. तालमीनंतर नवे कोणतेही उत्पादन आणू नका.

खरे काम केस ओले असतानाच उरकते, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. टाळूवरचे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण पिळदार केसावरून ते टोकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून कुरळ्या केसांची टोके नेहमीच कोरडी असतात आणि त्यांना कंडिशनर सढळ हाताने लागतो. कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा. सुरुवात टोकांपासून करा आणि हळूहळू मुळांकडे या. केस धुतल्यावर ते पुसून घेण्याआधीच, पाणी निथळत असताना, लीव्ह-इन कंडिशनर (न धुता केसांत तसाच ठेवायचा कंडिशनर) आणि त्यावर जेल लावा. दोन तळव्यांत एकेक भाग धरून वरून खाली हात फिरवा, मग डोके एका बाजूला कलते करून केस खालून ओंजळीत घ्या आणि मुळांकडे दाबत न्या. या वेळी पचपच असा ओला आवाज यायला हवा. तो येत नसेल तर पाणी कमी आहे असे समजून थोडे पाणी शिंपडा. नंतर जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपून घ्या. टॉवेलने खसाखसा पुसल्यास केसावरचे खवले उचकटतात, बटा सुटतात आणि केस पिंजारतात.

माथ्यावरचे केस चप्प बसतात, कारण ओल्या केसांचे वजन मुळांना खाली ओढते. म्हणून केस ओले असतानाच भांगाजवळ मुळांशी छोट्या क्लिपा लावून ते थोडे उचलून धरा आणि ड्रायरला डिफ्यूझर (हवेचा झोत पसरवणारे रुंद तोंड) लावून मंद वेगावर, मध्यम उष्णतेवर वाळवा. जेल वाळताना बटांवर कडक पापुद्रा धरतो. त्याला घाबरू नका आणि केस आतून पूर्ण कोरडे होईपर्यंत हात लावू नका. नंतर तळव्यांवर तेलाचे दोन-तीन थेंब चोळून बटा चुरगाळल्यासारख्या दाबल्या की पापुद्रा मोडतो आणि पीळ तसाच राहतो. तेल याहून जास्त नको, कारण स्टुडिओच्या प्रकाशात ते चोपडे दिसते.

हे सगळे आदल्या संध्याकाळी करावे, असे माझे मत आहे. दाट केस वाळायला कित्येक तास लागतात आणि अर्धवट ओल्या केसांनी शूट सुरू केले, तर पहिल्या आणि शेवटच्या छायाचित्रांत केसांची लांबीच वेगळी दिसते. रात्री केस डोक्याच्या अगदी वर सैलसर बांधा आणि सॅटिनच्या अभ्र्यावर झोपा. सकाळी कंगवा लावू नका. ज्या बटा बिघडल्या असतील तेवढ्याच ओल्या बोटाभोवती गुंडाळून सोडा.

उघड्यावरच्या भागासाठी एक सावधगिरी हवी. जेलच्या घटकांत ग्लिसरीन अगदी वरच्या क्रमांकावर असेल आणि हवा दमट असेल, तर ते हवेतले पाणी ओढून घेते आणि केस फुगतात. अशा हवेत दुसरा जेल बरा. तोही तालमीतच ठरवा.

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. काळ्याभोर कुरळ्या केसांच्या व्यक्तीचे छायाचित्र काढले की बटा दिसतच नाहीत, केसांचा नुसता काळा ढीग दिसतो. काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा प्रकाश थेट समोरून पडत असावा. बटांचा उठाव सावल्यांमुळे दिसतो आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश त्या सावल्याच पुसून टाकतो. मुख्य प्रकाश बाजूला न्या आणि मागून तिरका एक सौम्य प्रकाश केसांवर टाका, म्हणजे प्रत्येक वळणाची कड उजळेल. पार्श्वभूमी केसांइतकी गडद नको. मागचा प्रकाश मात्र हळूहळू वाढवा, कारण तो प्रखर झाला की सुटे केसही लख्ख चमकतात. संपादन करताना ते सगळेच पुसू नका. तसे केल्यास डोके कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते.

प्रश्न : एकाच शूटमध्ये मोकळे केस, अर्धे बांधलेले आणि अंबाडा असे तीनही प्रकार हवे आहेत. क्रम कोणता ठेवावा?

उत्तर : हाच. रबरबँडचा चाप बसलेल्या जागी बटांना पडलेला मोड केस पुन्हा ओले केल्याशिवाय जात नाही, म्हणून मोकळ्या केसांची सगळी छायाचित्रे आधी उरकून घ्या.