चौथीच्या मुलांना कादंबरीच्या वाचनातून मानवी हक्क कसे शिकवावेत?

मुंबईतील मराठी शाळेत चौथीला शिकवताना ही अडचण मलाही आली होती. माझ्या मते, हक्कांची व्याख्या आधी सांगूच नये. कादंबरी रोज थोडी मोठ्याने वाचावी आणि अन्याय घडतो तिथेच थांबून, ‘इथे कोणाचे काय हिरावले गेले?’ एवढेच विचारावे.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये, अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते, मात्र घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. माझ्या वर्गात त्यावर एका मुलीने विचारले, “मदत चांगली, तर मग आंघोळ कशाला?” त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला (पोर्शन मागे राहिला, तो राहू द्यावा). अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे कलम १७ मी त्यानंतरच फळ्यावर लिहिले, आणि ते मुलांना परके वाटले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची १९४८ सालची तीसही कलमे या वयात पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी, त्याच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ ही इंग्रजी शब्दयोजना बदलून ‘सर्व मानव’ अशी करावी, असा आग्रह मुंबई विधिमंडळाच्या सदस्य राहिलेल्या हंसा मेहता यांनी धरला होता, हे अवश्य सांगावे. एका शब्दाने कोण वगळले जाते, हे मुलींना लगेच उमगते.

लेखी परीक्षा मात्र टाळावी. पात्राला पत्र लिहायला सांगितले तरी पुरते.