विचारा बाईंना : वार्षिक अहवालात लिहायचं तरी काय?

(या सदरात वाचकांना उत्तरं देणाऱ्या बाई सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षिका, मुख्याध्यापिका आणि शेवटी केंद्रप्रमुख होत्या. या वेळची बहुतेक पत्रं गॅदरिंग, बक्षिसं आणि शाळेच्या वर्षभराच्या कामगिरीबद्दलची आहेत.)

प्रश्न : बाई, मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझं शिक्षण नववीपर्यंत. यंदा गॅदरिंगला अहवालवाचन मी करावं असं सर म्हणतात. मागच्या वर्षीचा अहवाल नमुन्याला दिलाय, पण त्यात नुसत्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या. तोच वाचू की काही वेगळं लिहू?
– एक अध्यक्ष, कोरेगाव तालुका

उत्तर : अध्यक्षबाई, वेगळं लिहा. सर म्हणाले म्हणून नव्हे, तो तुमचा अधिकारच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. मुख्याध्यापक हे तुमच्या समितीचे सचिव. तेव्हा नववीचा संकोच घरी ठेवा.

केंद्रप्रमुख असताना मी असे ढीगभर अहवाल ऐकले. सगळ्यांत एक शब्द ठरलेला : ‘उत्साहात’. प्रवेशोत्सव उत्साहात, वृक्षारोपण उत्साहात, क्षेत्रभेट उत्साहात. लावलेल्या झाडांतली उन्हाळ्यात किती जगली, ते मात्र कुठल्याच कागदावर नसायचं.

तुम्ही सुरुवात पटापासून करा. जूनमध्ये पट किती होता, ३० सप्टेंबरला किती होता (शिक्षकांची पदं त्याच तारखेच्या पटावर ठरतात) आणि आज किती. कमी झाला असेल तर कुठली मुलं कुठे गेली तेही सांगा. गावाला ते ठाऊकच असतं, फक्त स्टेजवरून कुणी बोलत नाही.

त्यानंतर वाचन. तिसरी-चौथीचं प्रत्येक मूल दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट न अडखळता वाचतं का? ‘असर’ ही मुलांना किती येतं याची देशभरातली पाहणी; ती करणारे घरोघर जाऊन हेच बघतात. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग गोष्ट. गणितात वजाबाकी आणि भागाकार. त्याला यंत्रसामग्री लागत नाही. समितीतल्या दोन आयांनी एका दुपारी वर्गात बसून सरांच्या मदतीनं ते करून बघावं. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्टही तेच आहे : २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी. अहवालात मुलांची नावं घेऊ नका. ‘तिसरीची अठरांपैकी चौदा मुलं गोष्ट वाचतात, चौघांसाठी रोज जेवणाच्या सुट्टीनंतर वेगळा अर्धा तास ठेवलाय’ अशा धर्तीचं एक खरं वाक्य तुमच्या शाळेच्या आकड्यांनिशी लिहा. ढालीपेक्षा ते मोठं.

आता एक गोष्ट जी तुमच्या भागात हमखास घडते आणि अहवालात कधीच येत नाही. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुलं चार-पाच महिने फडाच्या कडेला, खोप्यात राहतात. काही शिक्षक खोप्याखोप्यांवर जाऊन या मुलांना शाळेत आणतात, हंगामापुरतं सामावून घेतात आणि परत जाताना शिक्षण हमी पत्र हातात देतात, म्हणजे गावाकडच्या शाळेत वर्ग पुढे चालू राहतो. ती मुलं ना तुमच्या शिष्यवृत्तीच्या यादीत येतात, ना गॅदरिंगच्या नाचात; मार्चपर्यंत बरीचशी निघूनही गेलेली असतात. पण एखादी मुलगी आली तेव्हा अक्षरं ओळखत नव्हती आणि जाताना बाराखडी वाचत होती, तर ती त्या वर्षातली तुमच्या शाळेची मोठी कामगिरी आहे. वाचा ते माईकवरून. सरांनी सायकलवर, मोटारसायकलवर मुलं ने-आण केली असतील तर तेही वाचा. जागेवरच्या माणसाला शाबासकी देण्यात आपण फार कंजूष असतो.

शेवटी पैसे. संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी सरकार देतं ते) किती आलं, लोकवर्गणी किती, खर्च कशावर. सरळ आकडे. उरलेल्या जागेत जयंत्या घाला की खुशाल. एका परिच्छेदात बसतात.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. शाळेत सकाळी लवकर शिष्यवृत्तीचा जादा तास असतो, पण त्यात निवडक मुलंच घेतली आहेत. आमच्या मुलाला ‘तो पुढच्या वेळी बघू’ म्हणाले. आमच्याच शाळेचा ‘उज्ज्वल यशाची परंपरा’ असा फ्लेक्स चौकात लागलाय, तो बघून जास्तच वाईट वाटतं.
– एक वडील, कराड तालुका

उत्तर : दादा, परीक्षेला बसायला आधीची कुठलीच चाळणी नाही. शाळेमार्फत अर्ज भरता येतो, तुम्ही तसं सांगा. निवडक मुलं बसवायची ही शाळांनी स्वतःच काढलेली युक्ती आहे, कारण दहा बसले आणि नऊ पात्र झाले की निकाल नव्वद टक्के. तीस बसवले आणि पंधरा पात्र झाले तर पन्नास. मुलं दुसऱ्या शाळेची जास्त शिकली, पण फ्लेक्स पहिलीचा चांगला दिसतो.

फ्लेक्स वाचायचा कसा, तेही सांगते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिला भाषा आणि गणिताचा, दुसरा इंग्रजी आणि बुद्धिमत्तेचा. प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले की मूल ‘पात्र’. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते. चौकातल्या फोटोंत दोन्ही प्रकारची मुलं एकाच आकारात छापलेली असतात. आणि ‘बसले किती’ हा आकडा कुठेच नसतो. तो विचारा.

थोडं मागचंही लक्षात घ्या. पूर्वी ही परीक्षा चौथी-सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली आणि आमच्या चौथीपर्यंतच्या शाळांच्या हातून निसटली. पोरं घडवायची आम्ही आणि नाव व्हायचं हायस्कूलचं, असं शिक्षक तेव्हा उघड बोलत. २०२५ मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे छोट्या शाळांना चेव आलाय, तो चांगलाच आहे. पण वर्गातल्या निम्म्या मुलांना बाजूला बसवून नव्हे. बुद्धिमत्तेचे प्रश्न, म्हणजे आकृत्यांचा क्रम, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, सगळ्या वर्गाला कोड्यासारखे घालता येतात आणि मुलांना ते भारी आवडतात. सरांशी भांडू नका. ‘जादा तासाला नाही घेतलं तरी चालेल, पण रोजच्या तासाला दहा कोडी सगळ्यांना घाला’ एवढं मागा. अर्ज मात्र भराच.

प्रश्न : मी द्विशिक्षकी शाळेवर आहे, नोकरीचं दुसरंच वर्ष. पहिली ते चौथीचे चार वर्ग आम्ही दोघं बघतो. दिवसाआड कुठला तरी दिन, कुठला तरी सप्ताह, त्याचे फोटो, ऑनलाइन माहितीच्या लिंक भरणं. शिकवायचं कधी?
– एक शिक्षिका, पाटण तालुका

उत्तर : बाळ, रडगाणं खरं आहे. ऐकून घेणारं कुणी नसतं हेही खरं. लिंक भरणं मी बंद करू शकत नाही, आता तर मुळीच नाही. पण दिनांचं ओझं हलकं करता येतं.

बहुतेक दिन परिपाठातच उरकायचे. तसंही दिनविशेष आणि सुविचार रोज होतोच. तीन मिनिटं एखादं मूल बोललं, एक फोटो, संपलं. भाषणस्पर्धा, रांगोळी, घोषणा या साऱ्यांची गरज नसते आणि ते मागितलेलंही नसतं. आपणच शेजारच्या शाळेचा स्टेटस बघून वाढवतो. वर्षातले चार-पाच दिन निवड आणि ते मात्र असे कर की अर्धा दिवस अभ्यासच झाला पाहिजे.

एक सुचवते. ७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आजचं ते प्रतापसिंह हायस्कूल. तिथल्या रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. त्या दिवशी आपल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कपाटातून काढ. कुणाचे आजोबा कुठल्या साली पहिलीत आले, त्या वर्षी मुली किती होत्या, शाळा कुठल्या इयत्तेत सुटली, हे चौथीच्या मुलांनी मोजायचं. वजाबाकी, मराठी महिने, गावाचा इतिहास, सगळं त्यात आलं. अंक लिहायला फळा आणि बोलायला पोरांची तोंडं, बाकी खर्च शून्य. फक्त रजिस्टर तुझ्या हातात ठेव आणि जातीचा रकाना झाकून नाव-साल तेवढं वाच. (कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडे हीच रजिस्टरं कपाटाबाहेर आली, त्यामुळे ती कुठे आहेत हे तरी आता सगळ्यांना माहीत आहे.)

आणखी एक. आमच्या वेळी साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. परत गेल्यावर अनेकांनी पहिल्यांदा काय केलं, तर वर्गाची फरशी रंगवली. गोल, चौकोन, अंकांच्या पट्ट्या. तिथल्या बाई मुलांबरोबर खाली बसून एकेकाला वेळ देत होत्या, ते रंगाच्या डब्यात मिळत नव्हतं. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर तर रंगाऱ्यांना दिवस आले. तू खाली बस. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक मूल्यमापनाचेच आहेत, म्हणजे तुझ्या रोजच्या निरीक्षणाचे. नोंदवहीत ‘चांगले वाचतो’ असं सगळ्यांपुढे एकच वाक्य उतरवण्यापेक्षा रोज तीनच मुलांचं खरं लिहिलंस तरी महिन्यात वर्ग होतो.

प्रश्न : गॅदरिंगला नातीच्या नाचावर लोकांनी बक्षिसं पुकारली. पन्नास, शंभर, कुणी पाचशे. पैसे शाळेनं ठेवले. ते मुलीचे नव्हेत का?
– एक आजोबा, माण तालुका

उत्तर : नव्हेत, आजोबा. आमच्याकडे ती शाळेची लोकवर्गणीच समजतात, आणि कित्येक शाळांचे पत्रे, पाण्याच्या टाक्या आणि माईक त्याच पैशांतून आलेत. मात्र माईकवर पुकारलेल्या प्रत्येक रकमेची पावती फाटली पाहिजे आणि ती समितीच्या हिशेबात दिसली पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. सरपंचांच्या नातवाच्या लावणीवर दोन हजार जमतात आणि मागच्या रांगेत झाड होऊन उभ्या राहिलेल्या पोरावर काही नाही. म्हणून बक्षीस पूर्ण गटाच्या नावानंच पुकारायचं, असा नियम समितीनं आधीच जाहीर करावा. नातीला तुम्ही घरी वेगळे द्या की!

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. गावच्या शाळेला परितेवाडीसारखं डिजिटल करायचं मनात आहे. मित्र मिळून मोठा टीव्ही देणार आहोत. चालेल ना?
– एक माजी विद्यार्थी

उत्तर : देण्याआधी शाळेचं वीजबिल कोण भरतं, ते विचारा. थकलेल्या बिलापायी वीज तोडलेल्या शाळा मी कमी पाहिल्या नाहीत. तिथे टीव्हीवर छान भरतकामाचा रुमाल असतो. तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीज.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, एवढं सगळ्यांना आठवतं. पण त्यांचं मूळ काम होतं पाठ्यपुस्तकांतला मजकूर मुलांच्या घरच्या भाषेत, कानडीत, आणण्याचं. क्यूआर कोड त्यावर चढला. तुमच्या गावात कुठल्या मुलांची कुठली अडचण आहे ते शिक्षकांना विचारा. मला विचाराल तर वर्षाचं वीजबिल, दोनशे गोष्टीची पुस्तकं आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी, या क्रमानं नव्हे, उलट्या क्रमानं. त्यातून उरलं तर टीव्ही.

प्रश्न : बाल आनंद मेळाव्यात माझ्या मुलीनं घरची मेथी विकली. पंचाहत्तर रुपये झाले. भाजी आमची, कष्ट आमचे, मग पैसे शाळेत जमा करायचे का?
– एक आई, जावळी तालुका

उत्तर : मुळीच नाही. पैसे मुलीचे. पण तिच्याकडून हिशेब लिहून घ्या : किती जुड्या होत्या, कितीला दिल्या, उधारी कुणाकडे राहिली. उधारी बहुधा गुरुजींकडेच निघते. मागायला तिलाच पाठवा.