हाक ओळखीच्याच आवाजात येते

सलाम बेटा.

पुण्याची नोकरी हातात आहे, पंधरा दिवसांत होकार कळवायचाय, आणि इकडे नागपुरात आई एकटी. प्रार्थनागटात जो तो "प्रभू माझ्याशी बोलला" म्हणतो आणि तुला काहीच ऐकू येत नाही. शेवटी तू विचारलंयस, माझ्यातच काही खोट आहे का?

खोट असेलही, ती सगळ्यांतच असते. पण ऐकू न येणं हा तिचा पुरावा नव्हे. मी आता ६६ वर्षांची आहे, ३४ वर्षं वॉर्डात नर्स होते, आणि कानांनी ऐकावा असा देवाचा आवाज मला आजवर एकदाही आलेला नाही. तुमच्या गटातल्या बहुतेकांनाही येत नसणार. "माझ्या मनात आलं" हे सांगायची आपल्या मंडळीतली ती पद्धत आहे, इतकंच. पद्धत वाईट नाही, पण नव्या माणसाला तिची उगाच धास्ती बसते.

शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलमध्ये ऐकली असशील. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय. आता मोठेपणी पुन्हा वाच. पहिल्याच वचनात लिहिलंय की त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. म्हणजे ऐकू न येण्याचे काळ शास्त्रातही आहेत. पोरगं मंदिरात कराराच्या कोशापाशी निजलेलं, आणि तीनदा हाक आली तर तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे पळालं. का? तर हाक त्याला एलीचीच वाटली. गडगडाट झाला असता तर कुणीही ओळखला असता. ही हाक रोजच्या म्हाताऱ्याच्या आवाजासारखी होती. आणि ती खरी कुणाची, हे सांगितलं तेही त्या म्हाताऱ्यानेच. त्याची नजर मंदावलेली, स्वतःची पोरं हाताबाहेर गेलेली. वर निरोप निघाला तो त्याच्याच घराण्याविरुद्ध. तरी सकाळी त्याने तो पोराकडून पूर्ण वदवून घेतला आणि म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो. असा एली मिळाला तर सोडू नकोस.

माझा एली माझ्या घरातच होता, मी त्याला ओळखलं नाही. मिहान या विमानतळाजवळच्या प्रकल्पाच्या नावाने वर्धा रोडकडच्या जमिनींचे भाव रोज चढत होते तेव्हाची गोष्ट. एका लेआउटवाल्याचा माणूस नकाशा घेऊन घरी आला. त्याच सकाळी माझ्या वाचनात यहोशवाचा पहिला अध्याय होता: जिथे जिथे तुमचं पाऊल पडेल ते ठिकाण मी तुम्हाला दिलं आहे. झालं! संध्याकाळी मी त्या प्लॉटवर जाऊन खरोखरच पाऊल ठेवून आले. माझे दीर तहसीलमध्ये कारकून होते. ते म्हणाले, "वहिनी, सातबारा तं पाहून घ्या. एनए, म्हणजे बिगरशेती, झालं का नाही ते विचारा ना." मी मनातल्या मनात त्यांना अल्पविश्वासी ठरवून मोकळी झाले. प्लॉट आमच्याआधी आणखी एकाला विकलेला निघाला. आठ वर्षांनी निम्मे पैसे मिळाले, तेही तुकड्यातुकड्यांनी. मी किती तरी दिवस देवावर रुसून होते की तू बोललास आणि मला फसवलंस. बोलला तर तो होताच. दिरांच्या तोंडून, नागपुरी बोलीत, फुकटात.

यहोशवाला दिलेलं ते वचन यार्देन नदीपलीकडे जाणाऱ्या एका लोकासाठी होतं, वर्धा रोडच्या दीड हजार फुटांसाठी नव्हतं. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपल्याला वर्षाचं वचन म्हणून कार्ड मिळतं ना, त्याचंही असंच होतं. दर वर्षी कुणाला तरी यिर्मया २९:११ येतंच, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. मग ते कार्ड फ्रिजवर लागतं आणि त्यावर नोकरी, लग्न, व्हिसा सगळं ठरतं. त्याच्या आधीचं वचन कुणी वाचत नाही. तिथे लिहिलंय की बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं काढल्यावर. आणि त्याहीआधी सांगितलंय की तोवर त्या परक्या शहरात घरं बांधा, बागा लावा, त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. पुण्याला गेलीस तर तुला हे जास्त उपयोगी पडेल, आणि नाही गेलीस तर नागपूरही शहरच आहे.

मग ओळखायचं कसं? मला वॉर्डातलंच उदाहरण सुचतं. नवी मुलगी नाइटला आली की सगळ्यालाच सारखी दचकते. पंखा कुरकुरला, कुणी खोकलं, मॉनिटर वाजला, की धावली. जुनी सिस्टर टेबलाशी चार्ट लिहीत असते आणि सात नंबरच्या खाटेवरच्या पेशंटच्या श्वासाची लय बदलली की पेन खाली ठेवते. तिचे कान तीक्ष्ण नसतात, पन्नाशीत उलट कमीच ऐकू येतं. पण सात नंबरचा नेहमीचा श्वास तिने खूप रात्री ऐकलेला असतो. "माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात" हे मला त्या टेबलाशी बसून कळलं. मेंढरू आवाजाचा अभ्यास करत नाही, रोज मेंढपाळाच्या मागे चालतं. म्हणून माझा सल्ला कंटाळवाणा आहे. शुभवर्तमान वाच. मार्कापासून सुरू कर, सोळाच अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग, सावकाश, जमलं तर मोठ्याने. येशू कुणावर चिडतो, कुणासाठी थांबतो, कुणाला प्रश्न विचारून गप्प बसतो, हे अंगवळणी पडलं की मनात आलेली गोष्ट त्याच्या तोंडी शोभते का नाही ते जाणवायला लागतं. कवी ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. आकाशातून काही झालं नाही. ते वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांना ते सोडवेना. बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. सुरुवात झाली ती पुस्तकाने आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाने.

शांततेचं म्हणशील तर मे महिन्यातली दुपार आठव. लाइट जाते, कूलर बंद पडतो, आणि मग कळतं की कुणीतरी मघापासून दार वाजवतंय. रोज दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेव, एवढं पुरे. पण थकलेली असशील तर आधी झोप. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देवाची ती मंद वाणी ऐकू आली ते आपण सांगतो. त्याआधी तो झुडपाखाली मरण मागत पडला होता आणि दूताने त्याला दोनदा उठवून भाकर खायला आणि पाणी प्यायला लावलं, हे विसरतो. उपाशीपोटी, जागरणात, रडून झाल्यावर घेतलेल्या निर्णयाला मी तरी देवाचा म्हणणार नाही. आणि खरोखरच कानात आवाज येत असतील, झोप उडाली असेल, ते आवाज काही करायला भाग पाडत असतील, तर आधी डॉक्टरकडे. प्रार्थना सोबत करू, डॉक्टरऐवजी नाही. हे नर्स म्हणून सांगते.

निवडीच्या बाबतीत मला सेमिनरी हिल्सवरच्या एका वयस्क कॅथलिक फादरांनी शिकवलेली गोष्ट फार कामी आली. (आमच्या पाळकसाहेबांना मी ती कुणाकडून घेतली ते बरेच दिवस सांगितलं नव्हतं.) पुढे संत झालेले स्पेनचे इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळले होते. शौर्याची, मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. ख्रिस्ताच्या, संतांच्या वाटेने जायचं मनात आणलं की त्यानंतरही समाधान टिकायचं. मागे उरणारी चव कोणती, एवढंच ते बघत गेले. तूही तीन दिवस मनाशी धरून चाल की पुण्याला जायचं ठरलं. रात्री दोन ओळी लिही. मग तीन दिवस असं समज की राहायचं ठरलं. भीतीने नाही म्हणतेस की प्रेमाने, ते वहीत दिसेल. मन अगदी खचलेलं असेल त्या दिवशी आधीचा निर्णय बदलायचा नाही, हाही त्यांचाच नियम.

पण तुला खरं सांगू? मला स्वतःला सगळ्यात स्पष्ट जे 'ऐकू' आलं ते भविष्याविषयी नव्हतंच. प्रभुभोजनाच्या रांगेत उभी होते आणि एका जुन्या सहकारी बाईंचं नाव मनात आलं. ड्युटी लावण्यावरून आमचं चार वर्षं बोलणं बंद होतं. मी नाव बाजूला सारलं, ते परत आलं. यात देवाला नवीन काही बोलावंच लागलं नव्हतं. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात कधीचं लिहून ठेवलंय. मी रांगेतून बाहेर पडले, ऑटो केली, सदरला त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, दोन मिनिटं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आत ये, चहा मांडते." माफीचं बोलणं तिसऱ्या भेटीत झालं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. पाळकांचं मत लिहिलंस, गटातल्या दोघींना पडलेली स्वप्नं लिहिलीस, मामांचं म्हणणं लिहिलंस. आई एकटी आहे हे चार वेळा आलंय. ती काय म्हणते ते एकदाही नाही. विचारलंस का तिला?