द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (घड यावेत म्हणून पावसाळा सरताना करतात ती छाटणी) पाऊस लागून राहिला तर फुलोऱ्यातले घड कुजू नयेत म्हणून कोणतं औषध मारावं?

औषधाचं नाव खाली येईल. आधी मला सांगा, वेलीवर काड्या, म्हणजे ज्यांवर घड लागतात त्या फांद्या, किती ठेवल्यात? प्रश्नात तुम्ही जात लिहिलीत, छाटणीची तारीख लिहिलीत, आजवरच्या फवारण्यांची अख्खी यादी दिलीत. काड्यांचा कुठे पत्ता नाही. आमच्या घरात नेमक्या याच गोष्टीवरून भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आम्ही निफाड तालुक्यातले, कादवेकाठचे. जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. आमची आणि चुलत्यांची, म्हणजे अण्णांची, बाग एका बांधाला लागून आहे. दोन्हीकडे थॉमसन जातीची द्राक्षं, डॉगरीज खुंटावर कलम केलेली, 9 बाय 5 फुटांवर. खत एकाच गाडीतून उतरतं, छाटणीची टोळी एकच. फरक एवढाच की अण्णा वेलीला 50 काड्या ठेवतात आणि मी 30 च्या वर जात नाही. एप्रिल छाटणीनंतर, म्हणजे काड्या तयार करायच्या उन्हाळी छाटणीनंतर, मी पहिल्यांदा फुटी विरळ करायला घेतल्या तेव्हा अण्णा बांधावर उभे राहून मजुरांसमोर म्हणाले होते, "पोराबाळांच्या तोंडचा घास उपटून बांधावर टाकतोय हा."

मग 2019 आलं. सप्टेंबरच्या मध्यात दोघांनीही छाटणी उरकली होती, लवकरचा भाव धरायचा म्हणून. म्हणजे फुलोरा आला तो ऐन दिवाळीत. त्याच वेळी अरबी समुद्रात 'क्यार' उठलं आणि पाठोपाठ 'महा'. वादळं समुद्रातच फिरली, पाऊस मात्र आमच्या मांडवावर. लोक फराळाची ताटं ठेवून बागेत पळत होते.

द्राक्षाचं फूल पाकळ्या उघडत नाही, टोपी टाकतं. उघडीप असली की टोप्या वाऱ्याबरोबर झडून जातात. पाऊस असला की त्या ओल्या टोप्या घडातच चिकटतात, त्यांच्यावर करडी बुरशी धरते आणि तिथून ती कोवळ्या देठात उतरते. अण्णांच्या बागेत मांडवाखाली शिरलं की दुपारीसुद्धा अंधारून यायचं. घड हातात घेतला तर बोटांना चहाच्या चोथ्यासारखं मऊ काहीतरी लागायचं, आणि जरा ओढलं की खालचा अर्धा घड हातात. पान उलटं केलं तर खाली डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, पांढरा थर, तो वेगळाच.

अण्णांनी औषधात हयगय केली असं कुणी म्हणू शकणार नाही. ज्या काउंटरवर औषध विकतात त्याच काउंटरवर सल्लाही फुकट मिळतो, तिथून रोज नवी पुडी यायची. ट्रॅक्टर रुतला तर जेसीबीने ओढून काढला आणि पुन्हा फवारणी केली. पण 50 काड्यांच्या झुडपात ब्लोअरचा तुषार आतल्या घडापर्यंत जाणार कसा? बाहेरची पानं औषधाने निळी-पांढरी, आतला घड कोरडा औषधाला आणि ओला पावसाला. त्यात दुकानदाराने कुजीवरचं म्हणून दिलेलं महागडं औषध निघालं डायमेथोमॉर्फ. ते डाऊनीसाठी उत्तम आहे. करड्या बुरशीला त्याचा काडीचा उपयोग नाही, ते तिच्यासाठी बनलेलंच नाही.

माझ्याकडेही नुकसान झालं, खोटं कशाला बोलू. काही घडांची टोकं गेली, मणीगळ झाली. पण माल निघाला, व्यापारी बागेत आला. अण्णांची बाग त्या साली पूर्ण गेली. आणि त्यावर अण्णांचं म्हणणं काय, तर "तुझ्याकडे पाऊस कमी झाला." मधला बांध दोन फुटांचा आहे. आजही लग्नकार्यात कुणी द्राक्षाचा विषय काढला की हेच वाक्य ऐकवतात.

तर तुमच्या बागेचं. छाटणी झालेली आहे, आता काड्यांचं गणित पूर्णपणे बदलता येणार नाही. पण वांझ (घड नसलेल्या) फुटी आणि बगलफुटी आजच काढा. घडाच्या खालची, घडाला घासणारी पानं काढा, म्हणजे घड मोकळा टांगला जाईल. पाऊस थांबला की औषध न घालता नुसता ब्लोअर फिरवा. ट्रॅक्टर रुतत असेल तर माणसं लावून तारा हलवा. घडातलं पाणी आणि अडकलेल्या टोप्या खाली पडल्या की निम्मं काम झालं. आम्ही तेव्हा सकाळी पहिलं हेच करायचो आणि त्यानंतरच टाकी भरायचो. नत्र बंद. घड कोवळा पोपटी असताना 10 पीपीएम जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) दिलं असेल तर घडाच्या पाकळ्या, म्हणजे उपशाखा, सुट्या झाल्या असतील आणि त्याचा आता फायदा दिसेल. दिलं नसेल तर ती वेळ गेली.

आता औषध. आधी काय आहे ते ओळखा. घडावर पांढरी कापसासारखी बुरशी आणि देठ वाकून तपकिरी होतोय, तर डाऊनी. करडी धूळ आणि मऊ कुजवा, तर करडी बुरशी. डाऊनीला पाऊस येण्याआधी मॅन्कोझेबचं (पानावर थर धरून राहणारं बुरशीनाशक) संरक्षण असलं पाहिजे, आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, औषध नंतर. ट्रॅक्टर चालतच नसेल तर मॅन्कोझेबची धुरळणी करतात, ओल्या पानावर ती बसते. फुलोऱ्यात आणि अशा न वाळणाऱ्या हवेत बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) वाटेला जाऊ नका, कोवळा माल पोळतो. एकच आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा मारू नका, बुरशी त्याला दाद देईनाशी होते. आमच्या भागात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

हे आधी सांगायला हवं होतं: माल निर्यातीचा असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) बघितल्याशिवाय काहीही मारू नका. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात आपल्या मालाचं काय झालं ते जुन्या बागायतदारांना विचारा. आणि कमी काड्या म्हणजे चांगल्या वर्षी कमी माल, हेही खरंच. पाऊस न झालेल्या वर्षी अण्णांचं टनेज माझ्यापेक्षा जास्त असतं आणि तेही ते लग्नकार्यातच सांगतात. सलग आठ-दहा दिवस झड लागली तर माझ्या 30 काड्याही पुरणार नाहीत, तिथे मांडवावर प्लास्टिकचं आच्छादनच हवं. त्याला एकरी काही लाख लागतात आणि त्याच्याखाली डाऊनी कमी झाली तरी भुरी डोकं वर काढते, त्यामुळे तो निर्णय दुकानात बसून घेऊ नका.

हे सगळं फुलोऱ्यापुरतं. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, पाऊस आला तर मणी तडकतात आणि कूज तडकलेल्या मण्यातून शिरते. तेव्हा पानं काढून काही साधत नाही. तडकलेले मणी रोज कात्रीने काढायचे आणि व्यापारी सांगेल त्या भावाला लवकर मोकळं व्हायचं.